पांढऱ्या पाठीची जोडी

१

सकाळी साडेनऊला चहा, दहाला वरची खोली. कॉलेजच्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माझा हा क्रम चुकलेला नाही. वर जाऊन मी काय करतो ते जबलपुरातल्या आमच्या राइट टाउनच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि धड कोणालाच माहीत नाही. समोरचे दुबेजी मला अजून ‘भूसा भरने वाले मुरली भैया’ म्हणतात. भुसा मी जन्मात भरला नाही. कापूस, तागाचा चोथा, तार आणि टाकणखार एवढ्यावर मेलेला प्राणी जिवंतासारखा उभा करता येतो. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या म्युझियमसाठी मी पस्तीस वर्षं तेच केलं. आता कोणाच्या दिवाणखान्यातलं कसर लागलेलं हरणाचं मुंडकं, शाळेतलं शेपूट तुटलेलं मुंगूस, असलं काहीबाही दुरुस्त करत बसतो. बेबीचं, म्हणजे आमच्या बायकोचं, म्हणणं असं की घरात दोन म्हातारे पुरे होते, वरच्या मजल्यावर मेलेल्यांची भरती कशाला.

दिवाळीनंतर एका शनिवारी सलोनी घरी आली. सलोनी माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बडोद्याला चित्रकला शिकलेली. मराठी तिला सगळं कळतं, बोलायला लागली की चार शब्दांनंतर हिंदीत घसरते. तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन इथे जबलपुरात होणार होतं, नाहीशा झालेल्या पक्ष्यांवर. कॉलेजने म्युझियम रिकामं करून तिथे कॉम्प्युटर मांडायचं ठरवलं होतं, आणि हिने पत्रं वगैरे देऊन त्यातली एकच वस्तू महिन्याभरासाठी मागून घेतली होती.

“काका, तुमची ती गिधाडांची जोडी. हॉलमध्ये बस तीच राहील.”

“एवढ्या मोठ्या हॉलमध्ये दोनच पक्षी? लोक काय बघणार?”

“लोक ऐकणार. आवाज राहील ना.” तिने मोबाईल काढला. गेला महिनाभर ती शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून एकच गोष्ट विचारत होती, गिधाड खाली उतरताना पंखांचा कसा आवाज यायचा तो काढून दाखवा. “पण तुमच्याकडून जोडी ठीकठाक करून पाहिजे. पुढच्या रविवारी उद्घाटन आहे. होईल ना?”

होईल, म्हणालो. पुतणीने पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगली. ती जोडी माझं सगळ्यांत चांगलं काम होतं.

२

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जोडी आली. चौघांनी मिळून वर चढवली.

पांढऱ्या पाठीची गिधाडं. एके काळी ही आमच्या शहरावर इतकी असत की कोणी मान वर करून बघायचं नाही. आज जबलपुरातल्या वीस वर्षांच्या पोराने ती फक्त फोनवर पाहिली आहेत. यांच्यात नर-मादी बाहेरून अगदी सारखी दिसतात, कोण कोणता ते पोट उघडल्यावरच कळतं. डावीकडचा नर, उजवीकडची मादी, हे मला माहीत होतं कारण दोन्ही पोटं मीच उघडली होती. अर्जुनाच्या झाडाच्या एका खऱ्या फांदीवर दोघांना बसवलं होतं. पायांतून तार घालून फांदीच्या आरपार काढायची आणि खालून नट आवळायचा, अशी आमची पद्धत. मादी समोर बघते आहे आणि नराची मान तिच्याकडे वळलेली आहे. तो बाक साधायला मला चार दिवस लागले होते. खाली माझ्याच अक्षरात दोन लेबलं, ‘नोव्हेंबर १९९८. मृतावस्थेत सापडला’, ‘नोव्हेंबर १९९८. मृतावस्थेत सापडली’.

खिडकी उघडली, तोंडाला फडकं बांधलं आणि मऊ ब्रशने धूळ काढायला बसलो. पिसं नेहमी मुळाकडून टोकाकडे झाडायची. नराच्या डाव्या पंखापाशी बोटाला काहीतरी टोचलं.

पिसं बाजूला करून पाहिलं. कातडीतून बोटाच्या पेराएवढी निळसर काळी नळी वर आली होती. नवं पीस फुटतं तेव्हा आधी असंच येतं, नळीत गुंडाळलेलं, आणि त्या नळीत रक्त खेळत असतं. अर्थात जिवंत पक्ष्याच्या.

मी चष्मा पुसला. पक्षी मेला तेव्हा हे पीस अर्धवट फुटलेलं असणार आणि भरताना माझ्या नजरेतून सुटलं असणार, असं स्वतःला सांगितलं. पण तसं राहिलेलं पीस सुकून मिरचीच्या देठासारखं होतं. हे टवटवीत होतं. बोटाने दाबलं तर दबलं. आणि लिहायला लाज वाटते, पण ते कोमट होतं.

३

शहाण्या माणसाने तिथेच ब्रश ठेवला असता. मी चिमटा घेतला. ही कारागिराची खोड. नमुन्यावर जे नको ते आधी काढायचं आणि मग विचार करायचा. नळी मुळाशी धरली आणि उपटली.

खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तीन थेंब पडले. लाल.

“जेवायला येऊन राहिले ना?” म्हणत बेबी दारात आली आणि थबकली. “हे रक्त कशाचं? बोट कापलं काय?”

मी अंगठा पुढे केला. त्यावर ब्लेडची चीर होतीच. बेबीने मला खाली नेऊन हळद दाबली, या वयात धारदार वस्तूंशी खेळण्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि वरणभात वाढला. माझंही समाधान झालं. रक्त माझंच होतं. चीर आदल्या दिवशीची होती आणि केव्हाच सुकली होती हे मी तिला सांगितलं नाही.

दुपारी पुन्हा वर गेलो. उपटलेली नळी टेबलावर होती. उजेडात धरली तर आत पिसाची घडी दिसत होती, काळी, ओलसर. मी ती काडेपेटीत घालून कपाटात ठेवली आणि त्या दिवशी नराला पुन्हा हात लावला नाही. मादीचे पाय रंगवत बसलो.

४

दुसऱ्या दिवशी तीन नळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडून दिलं. उपटायचंही सोडलं. मानेभोवतीच्या पिसांची झालर, जी मी जोडी आली त्या दिवशी विरळ आणि मातकट पाहिली होती, ती भरायला लागली होती.

मग मी भिंग घेऊन मादीला तपासलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकेक पीस वर उचलून. अडीच तास लागले. तिच्यावर एकही कोंब नव्हता. जुनी, कोरडी, सत्तावीस वर्षांची पिसं, काही तर हात लावताच तुटत होती. मला वाईट वाटलं. अगदी डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या पक्ष्याला पिसं फुटत नाहीत याचं वाईट वाटणारा माणूस डोक्याने ठीक आहे का, हा प्रश्न मला पडला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं की दुसऱ्या कुठल्या, हेही मनाशी चाचपून पाहिलं. शेवटी कुठेच गेलो नाही, कारण गेलो असतो तर डॉक्टरने बरं केलं असतं.

संध्याकाळी सलोनी माझा आवाज नोंदवून घ्यायला आली. आधी तिने बाकीच्यांचे ऐकवले. बडा फुहारा बाजारातल्या एका कापडवाल्याने दुकानातली चादर झटकून दाखवली होती. नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या एका नावाड्याने गाल फुगवून वारा सोडला होता आणि स्वतःच हसत सुटला होता. कोणी वर्तमानपत्र फडफडवलं, कोणी नुसतंच ‘भर्रर्र’ म्हटलं. एका म्हातारीने बराच वेळ काही आवाज काढला नाही, मग म्हणाली, “याद नहीं आ रहा, बेटा, याद आना चाहिए था.”

“आता तुम्ही, काका.”

मी तोंड उघडलं. त्या आवाजाची मला रोज आठवण येते. आकाशात नजर टाकली आणि रिकामं दिसलं की येते. पण तोंडातून काही निघालं नाही.

“नाही येत.”

“तुम्हीच तर सगळ्यात जवळून ऐकलं असेल.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

तिने फोन बंद केला. जोडीभोवती एक चक्कर मारून ती खूश झाली. “किती फ्रेश वाटतात! काका, कमाल करता तुम्ही.” मग म्युझियममध्ये काढलेला फोटो फोनवर बघून ती थोडी घुटमळली. “पण याची मान इधर थी ना, हिच्याकडे? आता खिडकीकडे का आहे?”

“टेम्पोत तार ढिली झाली असेल,” मी म्हणालो.

५

बुधवारी दहाला जिन्यावर असतानाच आवाज आला. लाकूड कण्हल्यासारखा, थांबून थांबून.

खोलीत गेलो तेव्हा दोघं जागच्या जागी होते. मी नराच्या पायांशी वाकलो. तार जिथून पायात शिरते तिथली कातडी फाटली होती, आणि ती फाटलेली जागा ओली होती. नट पक्का होता. मीच आवळलेला. नर सुटायला बघत होता आणि माझी तार त्याला सोडत नव्हती.

रविवारी सलोनीचं प्रदर्शन होतं. हॉलमध्ये दुसरं काही नव्हतं, सगळा भार या जोडीवर होता. हे मला कळत होतं. हात मात्र पाना शोधत होते. दोन्ही नट काढले, पायांतली तार हळूच ओढून घेतली, नराला टेबलावर आडवा केला. पक्षी हातात जड लागला. भरून फांदीवर बसवला तेव्हा एका हाताने उचलला होता.

पोटावरचे टाके माझेच होते. माझा टाका मला कुठेही ओळखू येतो. ब्लेडने एकेक कापत गेलो. वरचा कापूस कोरडा होता. त्याखालचा दमट. आणखी आत बोटं घातली तेव्हा कापसाच्या पलीकडून बोटांवर काहीतरी टेकलं आणि मागे गेलं, पुन्हा टेकलं. निजलेल्या मांजरीच्या पोटावर हात ठेवला की लागतं तसं.

मी हात बाहेर काढला. गच्चीकडचं दार सताड उघडलं आणि खाली जाऊन चहा मागितला. तो संपल्यावर आणखी एक मागितला.

“दुसरा कप?” बेबी म्हणाली. “तब्येत बरी आहे ना तुमची?”

वर परत गेलो तेव्हा फांदीवर मादी एकटी होती. टेबलावर कापसाचा ढीग आणि वाकडी झालेली तार. शेजारी काचेचे दोन डोळे पडले होते. ते मी लांबीचा लगदा भरून पक्के बसवले होते, आतून ढकलल्याशिवाय ते निघत नाहीत.

६

मला आनंद झाला, हे आधी सांगितलं पाहिजे. भीती नंतर आली. मी गच्चीवर उभा राहून आकाश बघत होतो आणि लहान मुलासारखा हसत होतो. वर दोन घारी होत्या, बाकी काही नव्हतं. तरी ते आकाश मला कितीतरी वर्षांनी भरलेलं वाटलं.

त्याच दिवशी सूर्य कलल्यावर मी गच्चीकडचं दार लावून आत कापूस आवरत होतो. आधी बाहेरची हवा कोणीतरी अडवल्यासारखी झाली. मग लांबून काहीतरी फाटत जवळ येतं तसा आवाज, मग पंखांचे तीनचार जड फटकारे आणि गच्चीवर वजन टेकलं. चादर नाही, कागद नाही, गाल नाही. हाच. मी खाली बसलो आणि रडलो.

त्यानंतर पावलं वाजली. नखं फरशीवर खरडत ती दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या खालच्या फटीत उजेडाची रेघ होती, ती मधोमध बुजली. मग लाकडावर चोच घासल्याचा आवाज आला. जोरात नाही. दार उघडलं जाईल अशी ज्याची खात्री आहे, त्याने वाजवावं तसा. मी दार उघडलं नाही. अंधार पडायच्या आत तो उडून गेला.

गुरुवारीही तसंच. बेबी ज्यांना रोज ज्वारी टाकते ती गच्चीवरची कबुतरं फिरकेनाशी झाली. दाण्यांची ताटली भरलेलीच राहिली.

“वर कोण चालून राहिलं?” तिने भाजी निवडता निवडता विचारलं.

“माकड असेल.”

सलोनीचा फोन आला, शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते म्हणाली. ये, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

७

शुक्रवारी दुपारी बेबी स्वतःच वरच्या खोलीत गेली आणि खाली येऊन माझ्यासमोर बसली.

“वर एकच उरलं आहे. दुसरं कुठं गेलं?”

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला फार वेळा खोटं बोललेलो नाही, आणि बोललो तेव्हा पचलेलं नाही. सगळं सांगितलं. कोंब, रक्त, टाके, दार. मग तिने विचारलं, “तो काय शोधून राहिला?”

तेव्हा मला जुनं सांगावं लागलं.

अठ्ठ्याण्णव साली गिधाडं पटापट मरत होती. शहराबाहेर गोठ्यांच्या मागे मेलेली गुरं टाकायची जागा होती, तिथे अर्जुनाच्या झाडावर ती माना खाली टाकून बसलेली असत आणि एकेक करून पडत. कशाने, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं, काही दिवसांनी बघायलाही मिळणार नाहीत, म्युझियमला जोडी हवी. मलाही ते पटलं होतं. सगळी जाणारच आहेत तर निदान दोन राहतील. मी वाचवायलाच निघालो होतो.

मादी झाडाखाली पडलेली सापडली. मेलेली नव्हती. मान टाकली होती, डोळे उघडे होते. मरणारच आहे म्हणून मी ती सोबत आणली आणि तिचं मरण थोडं अलीकडे ओढलं. पोट उघडलं तेव्हा काळजावर चुन्यासारखा पांढरा थर होता.

नर तीन दिवस त्याच फांदीवर बसून राहिला. उतरत नव्हता, उडून जात नव्हता. चौथ्या दिवशी मी मादीचं कातडं कापूस भरून परत नेलं आणि झाडाखाली मोकळ्यावर मांडलं. तो उतरला. तिच्या शेजारी आला आणि चोचीने तिच्या मानेची पिसं सारखी करायला लागला, एकेक करून, ही आपसांत करतात तसं. मी मागून गोणपाट टाकलं. पुढचं पाच मिनिटांत आटपलं.

“त्याचं पोट उघडलं,” मी बेबीला म्हणालो, “तर आत काहीच नव्हतं. काळीज स्वच्छ, लाल. त्याला आजार नव्हताच. तो आजही असता, बेबी.”

मी तिच्याकडे न बघता पुढे बोललो.

“तेवढं एक बरं झालं, की त्याने मला पाहिलं नाही. त्याचं लक्ष तिच्याकडे होतं. कळलंच नाही त्याला काही.”

बेबी उठली, आत जाऊन साडी बदलून आली. “मी शेजारच्या सुनेत्राबरोबर ग्वारीघाटला जाऊन राहिली, आरतीला. तुम्हाला जे करायचं ते करा.” चपला घालता घालता थांबली. “पण करा. रोज रोज दारावर येऊन तसंच जाणं बरं नाही हो.”

८

पाच वाजता मी मादीला फांदीवरून सोडवलं. तिला जिवंत करायचा वेडा विचार नव्हता माझा, तिच्यात काही उरलेलं नव्हतं. तिला गोणपाटात गुंडाळलं, कारण नमुने आम्ही तसेच नेतो, हाताची सवय. गच्चीवर नेऊन उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात फरशीवर आडवी ठेवली आणि गोणपाट काढून घेतलं. तुटकी पिसं होती तेवढी बोटांनी सारखी केली. मग पाण्याच्या टाकीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आपण बघू नये असं मला वाटलं.

तो आला. तोच आवाज, यावेळी डोक्यावरून, इतक्या जवळून की मानेवरचे केस हलले. वजन टेकलं. नखं चार पावलं खरडली आणि थांबली.

बराच वेळ काहीच नाही. रस्त्यावरून एक ऑटो गेली. मग तो बारीक आवाज सुरू झाला, कोरड्या पिसांतून चोच फिरल्याचा, सावकाश, एक झालं की पुढचं. मी मोजत नव्हतो, पण प्रत्येक पीस मला कळत होतं. त्यातली काही तुटत होती तेही कळत होतं. तुटलं की तो थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

किती वेळ झाला सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की माझे गुडघे किंचित वाकलेले आहेत, श्वास तोंडाने चालला आहे, आणि गोणपाट दोन्ही हातांत आहे, दोन कोपरे मुठीत धरून, मधला भाग सैल सोडून. फेकायच्या आधी धरतात तसं. मी ते केव्हा धरलं ते मला माहीत नाही. रविवारचा हॉल माझ्या डोळ्यांपुढे होता. सलोनीचा चेहरा होता. फांदी होती, तिच्यावर पुन्हा दोघं होते, त्याची मान मादीकडे वळलेली, आणि पुन्हा कधीही कुठे न जाणारी. पंखांचा तो आवाज आता माझ्याजवळ राहावा, एवढीच इच्छा अंगभर झाली होती. इतकं कशासाठी मी आयुष्यात तळमळलो नाही. आणि मी वळलो.

तो पाच हातांवर होता. संध्याकाळच्या उजेडात पुरता दिसला नाही, काळा आकार, मानेभोवती पांढरट झालर, पोटाशी टाक्यांची उसवलेली कड लोंबत होती. डोकं तिच्या मानेवरून उचललेलं. डोळा माझ्याकडे होता. तपकिरी, ओला, खरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांतल्या गोणपाटाकडे पाहिलं. उडायला सगळं आकाश मोकळं होतं. तो उडाला नाही. परत मान खाली घातली आणि तिची पिसं सारखी करायला लागला.

तेव्हा मला कळलं की त्या दिवशीही त्याने मला पाहिलं होतं.

हात सुटत नव्हते. बोटं एकेक करून उघडावी लागली. गोणपाट फरशीवर टाकलं तर ते पुन्हा उचललं जाईल, याची मला खात्री होती. म्हणून ते तिथेच अंथरलं आणि दोन्ही कोपरे मांड्यांखाली दाबून त्यावर बसलो. खाली घरात फोन वाजायला लागला. सलोनीचा असणार, उद्या गाडी किती वाजता ते विचारायला. घ्यायचा तर उठावं लागलं असतं. फोन वाजून बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी उठलो नाही.